नाशिक, म्हैसूर आणि ई-रुपया

एकेकाळी इंग्लंडहून छापून येणाऱ्या आपल्या चलनी नोटा 1928 पासून नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. 1996 मध्ये म्हैसूरचा छापखाना सुरू झाला. नोटेचे सामर्थ्य साधे आहे: ती बँक खात्याविना, नेटवर्कविना हातोहात चालते, निरक्षर माणूसही ती रंग-आकारावरून ओळखतो. 1 डिसेंबर 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने निवडक शहरांत सामान्यांसाठी ई-रुपयाचा प्रयोग आरंभिला. यूपीआयने आपण बँकेला खात्यातील रक्कम हलवण्याचा आदेश देतो. ई-रुपया मात्र नोटेप्रमाणेच थेट रिझर्व्ह बँकेचे देणे असून तो मोबाइलमधील पाकिटात राहतो. त्याची खरी कसोटी नेटवर्क नसलेल्या आठवडी बाजारात लागेल. तेथील भाजीवालीने तो नोटेइतक्याच निःशंकपणे स्वीकारला, तरच तो सर्वांचे चलन ठरेल.