भारतरत्न : सरकारचा मान आणि लोकांचा मान

गेल्या खेपेला जोतीरावांच्या जयंतीनिमित्त एका खेडेगावच्या शाळेत बोलायला गेलो होतो. भाषण संपले, चहा आला, आणि तिथल्या गुरुजींनी मला जरा बाजूला घेतले. म्हणाले, “सर, आमच्या भिंतीवर ‘महात्मा जोतीराव फुले’ असे लिहिले आहे. आता त्यांना भारतरत्न द्यावे असे म्हणतात. ते मिळाले, तर नावाआधी तेही लिहावे म्हणतो. नाव मोठे होईल ना?” मी उत्तर जुळवतो आहे तोच ओट्यावर बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, “अहो, गांधीबाबाला तरी दिलंय का ते?”

त्या दिवशी मी काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर लाज वाटली. गुरुजींचा प्रश्न साधा नव्हता. म्हणून आज ही हकीकत जरा सविस्तर सांगतो.

प्रथम थोडे मागे जाऊ. इंग्रजी अमलात सरकारकडून पदव्यांची खैरात होई. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, दिवाणबहादूर आणि सर्वांवर कळस म्हणजे ‘सर’. आपल्याकडे अजूनही एखाद्या मुलाचे पाळण्यातले नाव रावसाहेब असते, ते ह्या काळाचेच उरलेले शिंतोडे. पदवी मिळालेला माणूस नेहमीच नालायक असे असे मुळीच नाही. पण ती देण्यामागे सरकारचा एक हिशेब असे, आणि तो लोकांना कळत असे. म्हणून जालियनवाला बागेच्या कत्तलीनंतर १९१९ साली रवींद्रनाथांनी ‘सर’ ही पदवी टाकली, आणि पुढच्याच वर्षी गांधीजींनी आपले ‘कैसर-इ-हिंद’ पदक परत केले, तेव्हा देशाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

त्याच काळात दुसऱ्या प्रकारच्या पदव्याही चालत होत्या. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी भागात सभा भरली, आणि तीत जमलेल्या लोकांनी जोतीरावांना ‘महात्मा’ म्हटले. त्या पदवीला ना सनद, ना गॅझेट, ना व्हाइसरॉयची सही. टिळकांना ‘लोकमान्य’ कुणी केले? लोकांनीच. ह्या पदव्या रद्द करायला कोणते खाते आहे, सांगा पाहू!

हा सारा अनुभव घटनाकारांच्या पाठीशी होता. म्हणून आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमात त्यांनी लिहून टाकले की, लष्करी किंवा विद्याविषयक बहुमान सोडले, तर राज्याने कोणालाही किताब देऊ नये. घटना १९५० च्या जानेवारीत अमलात आली. आणि चारच वर्षांनी, २ जानेवारी १९५४ रोजी, राष्ट्रपतींच्या कार्यालयातून सूचना निघाली की भारतरत्न व पद्मविभूषण असे दोन बहुमान सुरू करण्यात येत आहेत. सरकारचे म्हणणे असे की, हा किताब नव्हे. हा गौरव आहे, आणि तो कोणी आपल्या नावाला जोडायचा नाही. ह्या बारीक भेदावर पुढे चाळीस वर्षे वाद होणार होता.

पदकाचे रूपही आधी वेगळे होते. गोल सोन्याचे पदक, त्यावर सूर्य. वर्षभरात ते बदलले, आणि आजचे पिंपळाचे पान आले. पान काशाच्या रंगाचे, सुमारे ५.८ सेंटिमीटर लांब. वर प्लॅटिनमचा सूर्य, खाली ‘भारतरत्न’ ही अक्षरे, मागे आपली राजमुद्रा. ते कलकत्त्याच्या अलिपूर टांकसाळीत तयार होते. सोबत पैसा एकही नाही. पाराच्या पिंपळाखाली गावाचा न्यायनिवाडा पाहिलेल्या माणसाला हे पान सोन्याच्या गोळ्यापेक्षा जवळचे वाटले, तर नवल नाही.

पहिल्या वर्षी राजाजी, राधाकृष्णन आणि चंद्रशेखर व्यंकट रामन असे तिघे निवडले गेले. कोणीच भुवया उंचावल्या नाहीत. आणि १९५८ साली ते पान आपल्या धोंडो केशव कर्व्यांना मिळाले.

इथे मला थोडे रेंगाळू द्या. अण्णा कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. पोरवयात परीक्षेसाठी ते मुरूडहून घाट चढून साताऱ्याला पायी गेले, आणि तिथल्या साहेबांनी ‘तू वयाने लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवले. पुढे १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा त्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला झोपडीत गेला, आणि कर्वे तिथून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला चालत येऊ लागले. १९१६ साली महिलांचे विद्यापीठ. हे तुम्हांला ठाऊक असेल. पण खेड्यातल्या शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ह्या गृहस्थाने महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जिथे सरकारची शाळा पोचली नव्हती अशा गावांत शाळा चालाव्यात म्हणून. त्यासाठी ते दारोदार हिंडून वर्गणी गोळा करीत; कुणी चार आणे दिले तरी घेत.

अशा माणसाला शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले. तेव्हा मान कोणी कोणाला दिला? मला वाटते, ते पान नवे होते, त्याला अजून वजन यायचे होते. ते कर्व्यांच्या गळ्यात पडल्यावर आले. पाच वर्षांनी, १९६३ साली, महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांची निवड झाली. तेही रत्नागिरी जिल्ह्यातले. वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहायला त्यांना तीस वर्षांवर काळ लागला : पहिला १९३० ला, शेवटचा १९६२ ला. विद्वानाला दिल्लीहून असा मान मिळतो, हे त्या पिढीच्या मास्तरांना फार मोठे वाटले होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९५५ साली पंडित नेहरूंना भारतरत्न मिळाले, तेव्हा ते पंतप्रधान होते. राजेंद्रबाबूंनी सांगितले की हा निर्णय आपण होऊन, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावाचून घेतला आहे. हे राजेंद्रबाबूंच्या थोरपणाला शोभले. पण पायंडा अवघड पडला. १९७१ साली इंदिराबाईंना मिळाले, त्याही पंतप्रधान होत्या. आणि ज्यांच्या कारकिर्दीत ते दिले गेले, त्या राष्ट्रपती गिरींना १९७५ साली मिळाले. कायद्यात ह्याला अडचण नाही. पण आपल्या गावच्या सोसायटीत चेअरमनने सेक्रेटरीला शाल दिली, आणि नंतर सेक्रेटरीच्या बैठकीत चेअरमनला दिली, तर तुम्ही मनात काय म्हणाल?

उलट मौलाना आझाद. निवड करणाऱ्यांनी स्वतः मान घेऊ नये, म्हणून त्यांनी हयातीत तो नाकारला असे सांगतात. शेवटी १९९२ साली, मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, तो त्यांच्या नावे दिला गेला.

आचार्य कृपलानींना तर ही सारी पदके म्हणजे मागल्या दाराने शिरलेले किताबच वाटत. १९६९ साली त्यांनी ती बंद करण्यासाठी लोकसभेत विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पण १९७७ साली सरकार बदलले, आणि मोरारजीभाईंच्या सरकारने जुलै महिन्यात हे बहुमान बंदच केले. जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई परत आल्या, आणि बहुमानही परत आले. गंमत पाहा, १९९१ साली भारतरत्न मिळालेल्यांत खुद्द मोरारजीभाई होते!

आता बाबासाहेबांकडे येतो. मरणोत्तर मान देण्याची सोय १९५५ पासून नियमात होती. बाबासाहेब १९५६ च्या डिसेंबरात गेले. त्या सोयीने लालबहादूर शास्त्रींना १९६६ साली, कामराजांना १९७६ साली, विनोबांना १९८३ साली मान मिळाला. तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन १९८७ च्या अखेरीस वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न झाले. ज्यांच्या हातून घटनेचा मसुदा घडला, त्यांची पाळी १९९० साली आली. १४ एप्रिलला माईसाहेबांनी तो स्वीकारला. चौतीस वर्षे! ह्या चौतीस वर्षांत वस्त्यावस्त्यांतून जयंत्या निघत होत्या, पुतळे उभे राहत होते, आणि आयाबाया ओव्यांत त्यांचे नाव गुंफीत होत्या. त्या दिवशी कोणाचा उणेपणा भरून निघाला, हे मी तुम्हांला सांगायला नको.

नेताजींच्या बाबतीत तर सरकार तोंडघशीच पडले. १९९२ साली राष्ट्रपती भवनातून त्यांना ‘मरणोत्तर’ भारतरत्न जाहीर झाले. नेताजींचा मृत्यू सिद्ध कुठे झाला आहे, असे म्हणून लोक चिडले, घरच्यांनी नकार दिला, आणि प्रकरण कोर्टात गेले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा रद्द झाल्याचे मानून विषय मिटवला.

त्याआधी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, त्याच न्यायालयाने मूळ वादाचा निकाल दिला होता : हे बहुमान म्हणजे १८ व्या कलमातले किताब नव्हेत, म्हणून ते घटनाबाह्य नाहीत, मात्र कोणी ते नावाच्या मागे वा पुढे लावू नयेत. निवडीची पद्धत मोघम आहे, ती सुधारावी, असेही सुनावले.

ती पद्धत अशी की, पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात, आणि बस्स. अर्ज नाही, समितीचा अहवाल नाही, कारणांची जाहीर नोंद नाही. वर्षाला तीनांवर देऊ नयेत असा नियम, पण १९९९ साली चार दिले आणि २०२४ साली पाच. आधी कला, वाङ्मय, विज्ञान आणि लोकसेवा एवढीच क्षेत्रे होती. २०११ मध्ये ते कुंपण काढले, आणि सचिन तेंडुलकरांची वाट मोकळी झाली. लताबाई, बिस्मिल्ला खाँ, भीमसेन जोशी ह्यांच्या नावांवर कुणी वाद घातल्याचे मला आठवत नाही. वाद होतो तो राजकारण्यांच्या नावांवर, आणि तोही निवडणूक जवळ असली की अधिक. हा संशय प्रत्येक वेळी खराच असतो असे नाही. पण कारणे लिहून प्रसिद्ध केली, तर निदान भांडायला काही कागद तरी हाती राहील. एवढी मागणी मला रास्त वाटते. कृपलानींइतका टोकाला मी जाणार नाही.

म्हातारबाबांचे उत्तर राहिले. गांधीजींना भारतरत्न द्यावे म्हणून एक अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने तो निकाली काढला. म्हटले, राष्ट्रपित्याचे स्थान अशा औपचारिक मानाच्या पुष्कळ वर आहे.

आणि गुरुजी, तुमचे. मार्च २०२५ मध्ये आपल्या विधानसभेने जोतीराव आणि सावित्रीबाई ह्या दोघांनाही भारतरत्न मिळावे, अशी शिफारस करणारा ठराव एकमताने केला. मिळाले तर मला आनंदच होईल. ज्या पानावर कर्व्यांचे आणि बाबासाहेबांचे नाव आहे, त्यावर सावित्रीबाईंचेही असावे असे मला मनापासून वाटते. पण भिंतीपुरते विचाराल, तर रंगाचा डबा तूर्त मिटून ठेवा. दिल्लीहून काहीही आले, तरी नियमाप्रमाणे ते नावाआधी लावता येत नाही. मांडवीच्या लोकांनी दिलेल्या शब्दाला मात्र तशी आडकाठी नाही. तो फिका पडला असेल, तर पावसाळ्याआधी एक हात फिरवून घ्या. आणि शेजारी सावित्रीबाईंचे नाव दिसले नाही मला, तेवढी जागा पाहून ठेवा.