गोष्टीत शिरायची वाट

मंडळी, हल्ली गोष्ट नुसती ऐकून किंवा बघून भागत नाही. तिच्या आत शिरायचे असते. डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवला की आपण थेट रणांगणात! 2025 साली आमच्या पन्हाळ्यावरही 13 डी थिएटर सुरू झाले. अशा थिएटरात पडद्यावर घोडा उधळला की आपली खुर्ची हलते, वारा अंगावर येतो. नातवंडे खूष होतात. पण कोल्हापूरकरांना यात यंत्र तेवढे नवीन आहे, हौस जुनीच.

ललितापंचमीचेच बघा. विजयोत्सवाचे बोलावणे राहून गेले म्हणून त्र्यंबोली रुसली आणि गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली, अशी कथा. तिची समजूत काढायला अंबाबाईची पालखी दरवर्षी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. कोहळा फोडला जातो, तोच कोल्हासुराचा वध. मग त्या कोहळ्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. इथे प्रेक्षक कोणी नाहीच. पालखीबरोबर चालणारा प्रत्येकजण देवीच्या बाजूचा!

पुढे पडदा आला. आमच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घरीच तयार केला आणि 1920 साली 'सैरंध्री' काढला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब वठला की सरकारने त्याला कात्री लावली. 1985 पासून बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'ने हत्ती-घोडे प्रत्यक्ष रंगमंचावर आणले. आता 13 डी. दर पिढीत गोष्ट आपल्या आणखी जवळ सरकत आली.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. मार्च 1660 पासून सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडला होता. जुलैमध्ये ऐन पावसात, रात्री, महाराज गडावरून निसटले आणि विशाळगडाकडे गेले. मागे घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळे लढले, बाजीप्रभू पडले. इतके पक्के. पण खिंडीतले बोलणे, तलवारीचे हात, कोण कुठे उभा होता, हे दाखवायचे तर कल्पना करावीच लागते. कागदपत्रे मोजक्या शब्दांत बोलतात. पुस्तकात मी 'असे म्हणतात' एवढे दोन शब्द घालू शकतो. हलत्या खुर्चीत ते दोन शब्द कुठे घालायचे? मुलाला वाटते, मी स्वतः पाहिले. आणि पाहिलेल्या गोष्टीवर कोणी प्रश्न विचारत नाही. वर्गात मात्र मला सगळ्यात आवडायचा तो 'सर, हे कशावरून?' असे विचारणारा मुलगा.

म्हणून मला पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती मोलाची वाटते. दर जुलैत शेकडो तरुण हा सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता चिखल तुडवत चालतात. त्यांना कोणी तलवार दाखवत नाही, वारा सोडायला पंखा लागत नाही. पण पायात गोळे आले की कळते, अंधारात पालखी खांद्यावर घेऊन हे अंतर काटणे म्हणजे काय. ही कल्पना त्यांची स्वतःची असते, आणि ती आपली कल्पना आहे हेही त्यांना ठाऊक असते.

थिएटर नकोच, असे माझे म्हणणे नाही. ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांच्यासाठी ते वरदानच आहे. माझेही गुडघे आता तसेच म्हणतात. फक्त अशा खेळांच्या शेवटी दोन गोष्टी व्हाव्यात. कागदात काय सापडते आणि आम्ही काय रचले, हे दोन ओळींत मुलांना सांगावे. आणि मग त्यांना बाहेर काढून राजदिंडीपाशी न्यावे. तिथून खालची दरी दिसते. तिच्याकडे बघत पाच मिनिटे गप्प उभे राहू द्यावे.

पुढचे प्रश्न मुलेच विचारतील. आजी-आजोबांनी उत्तरे तयार ठेवावीत!