शाळेनंतरची शिकवणी आणि ‘वाचनातील चूक’

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शाळा सुटल्यावर शाळकरी मुलांना शिकवावे, ही कल्पना शिक्षणाच्या इतिहासात बहुधा परोपकाराच्या सदरात नोंदली जाते. किती तरुण पुढे आले व त्यांनी किती मुलांना शिकविले, एवढेच अशा नोंदीत येते; शिकविणारा मुलाच्या बोलीकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः उपक्रमाचे यशापयश पुष्कळ अंशी ह्याच प्रश्नावर अवलंबून असते. अमेरिकेतील उत्तरेकडील शहरांत १९६१ नंतर झालेल्या प्रयत्नांच्या आधारे हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१९६१ साली येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ‘नॉर्दर्न स्टुडंट मूव्हमेंट’ ही संघटना स्थापन झाली. दक्षिणेतील वर्णभेदविरोधी लढ्यास साहाय्य करणे हा तिचा मूळ उद्देश. परंतु लवकरच तिचे लक्ष उत्तरेतील कृष्णवर्णीय वस्त्यांकडे वळले. फिलाडेल्फिया, हार्टफर्ड, हार्लेम इत्यादी ठिकाणी महाविद्यालयीन स्वयंसेवक मुलांना वाचन व गणित शिकवू लागले. शिकवणीने मुलाची शाळा बदलत नाही की वस्तीची अवस्था सुधारत नाही, हा आक्षेप संघटनेतच निर्माण झाला आणि १९६३ नंतर तिचा कल शिकवणीकडून लोकसंघटनेकडे झुकला. हा आक्षेप सामाजिक स्वरूपाचा होता. भाषाविषयक आक्षेप निराळ्या दिशेने आला.

त्या काळी शिक्षणशास्त्रात ‘भाषिक वंचितते’ची उपपत्ती प्रबळ होती. गरीब वस्तीतील मुलाच्या कानावर पुरेशी भाषा पडत नाही, म्हणून त्याची भाषा तर्कशुद्ध विचारास अपुरी ठरते, असे तिचे सार होय. ही उपपत्ती खरी मानली, तर शिकविणाऱ्याचे काम रिकामे भांडे भरण्याचे ठरते.

विल्यम लबोव्ह (१९२७–२०२४) ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हार्लेममधील मुलांच्या टोळ्यांचा अभ्यास करून १९६८ साली अहवाल सादर केला, आणि पुढील वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या उपपत्तीचे खंडन केले. त्यातील एक प्रसंग विख्यात आहे. आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत एकेका शब्दापलीकडे बोलेना. वस्तुतः मुलाखत घेणारा स्वतः कृष्णवर्णीय व त्या वस्तीशी परिचित होता. पुढील भेटीत त्याने मुलाच्या मित्रालाही बोलाविले, खावयास बटाट्याचे काप आणले आणि तो स्वतः जमिनीवर बसला. तोच मुलगा आता मित्राशी चढाओढीने बोलू लागला. मौन हे भाषेच्या अभावाचे नव्हे, तर प्रसंगातील विषम नात्याचे लक्षण होते. टोळीत मानाचे स्थान असलेली, वाक्पटू मुले वाचनात फार मागे असत, हेही ह्याच अभ्यासात दिसून आले. तेव्हा कारण बुद्धीत नव्हे, शाळेशी असलेल्या दुराव्यात शोधावयास हवे होते.

शिकविणाऱ्याच्या दृष्टीने लबोव्ह ह्यांचा सर्वांत उपयुक्त विचार वाचनातील चुकीविषयी आहे. इंग्रजीतील ‘पास्ट’ हे भूतकाळी रूप त्या बोलीत ‘पास’ असे उच्चारले जाते; कारण शब्दान्तीचे जोडव्यंजन सुटे होते. मुलगा ‘पास’ असे वाचतो तेव्हा त्याला भूतकाळ कळलेला असतो की नाही? त्याच वाक्यात पुढे ‘रीड’ हे क्रियापद ठेवले असता उत्तर मिळते. लेखन एकच असूनही भूतकाळी त्याचा उच्चार ‘रेड’ होतो. मुलाने ‘रेड’ म्हटले, तर प्रत्यय त्याला समजला आहे. त्यास थांबवून उच्चार सुधारणे म्हणजे बरोबर वाचणाऱ्यास चुकीचा ठरविणे होय.

ह्या विचाराला १९७९ साली अ‍ॅन आर्बर येथील खटल्यात न्यायालयीन महत्त्व आले. तेथील अकरा मुलांच्या वतीने लबोव्ह ह्यांनी साक्ष दिली आणि वाचन शिकविताना मुलांच्या घरच्या बोलीची दखल घेतली पाहिजे, असा निर्णय झाला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लबोव्ह ह्यांच्या मार्गदर्शनाखाली पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थी पश्चिम फिलाडेल्फियातील मुलांना शाळेनंतर वाचन शिकवू लागले. १९६१ च्या पिढीस जे शास्त्र उपलब्ध नव्हते, ते ह्या पिढीच्या हाती होते. लबोव्ह व बेकर ह्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फिलाडेल्फिया, अटलांटा व कॅलिफोर्निया येथील ६२७ मुलांच्या वाचनातील १२ प्रकारचे बोलीजन्य भेद तपासले गेले. कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत त्यांपैकी अनेक भेदांनंतरचे वाचन बिनचूक वाचनाप्रमाणेच चालू राहिले. आधी स्पॅनिशमध्ये वाचावयास शिकलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र बहुतेक भेद खऱ्या चुकाच ठरले. म्हणजे सरसकट सूट देणेही शास्त्रीय नव्हे.

मराठीच्या अभ्यासकास ह्यात परकेपणा वाटू नये. ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचणारा मुलगा अर्थ चुकला आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘दोन मण धान्य’ हे ‘दोन मन धान्य’ असे वाचल्यास तो वजन समजला की अंतःकरण, हे त्या शब्दावरून नव्हे, तर पुढचे वाक्य तो कसे वाचतो त्यावरून ठरवावे लागेल.

संध्याकाळी मुलांना शिकवावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास सेवाभाव पुरतो, असा समज रूढ आहे. वरील इतिहास वेगळे सांगतो. मुलाला दुरुस्त करण्यापूर्वी त्याचे पुढचे वाक्य ऐकून घेण्याचे शिक्षण आधी शिकविणाऱ्यास मिळाले पाहिजे, आणि ते देण्याचे दायित्व विद्यापीठांतील भाषाविभागांवर येते.