खंबायतच्या आखातातील उधाण

गोव्याच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील अंतर सुमारे दोन मीटर असते. मुंबईस उधाणाच्या दिवशी ते साडेचार मीटरांच्या घरात जाते. बडोद्यापासून फारशा दूर नसलेल्या खंबायतच्या आखातात, भावनगरनजीक, तेच अंतर दहा मीटरांहूनही अधिक भरते. आखात मुखाशी रुंद, आत निमुळते आणि उथळ. तेव्हा नरसाळ्यात शिरल्याप्रमाणे पाणी कोंडते व चढते. अमावास्या-पौर्णिमेस चंद्र-सूर्यांची ओढ एकवटली म्हणजे मग विचारावयासच नको.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा कर्ता अनामिक आहे. पण भडोचच्या वाटेवरील या पाण्याचे त्याने केलेले वर्णन मला कोणत्याही राजप्रशस्तीहून मोलाचे वाटते. समुद्राचा तळ बघता बघता उघडा पडतो. अमावास्येच्या रात्री येणारी भरती दूरवरच्या सैन्याच्या कोलाहलासारखी ऐकू येते. परकी गलबते गाळात रुतून कलंडतात. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. वल्ह्यांच्या होड्यांनी ते गलबत ओढीत, भरतीबरोबर पुढे नेत आणि ओहोटी लागताच ठरलेल्या खोल जागी नांगरून ठेवीत. रोमची सोन्याचांदीची नाणी भडोचास पोहोचली ती या माणसांच्या भरवशावर. ग्रंथात त्यांतील एकाचेही नाव नाही. राजाचे मात्र आहे. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत भेटणारा नहपान तोच, असे विद्वान मानतात.

अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१५ च्या सुमारास खंबायतेस आला. उघड्या वाळूवर पडलेले एक कुत्रे पाण्याचा लोंढा पाहून जिवाच्या आकांताने धावले, तरी बुडाले, असे त्याने लिहून ठेवले आहे.

या पाण्याशी माणसाने जमवून घेतले; गाळाशी जमेना. साबरमती आणि मही यांनी आणलेला गाळ आखाताच्या माथ्याशी साचत गेला. मोठी जहाजे घोघ्यास थांबू लागली, माल लहान होड्यांतून खंबायतेस जाऊ लागला आणि सतराव्या शतकात सुरतेने तिचा व्यापार ओढून घेतला. १७७५ च्या फेब्रुवारीत अडासच्या लढाईत हरलेले राघोबादादा खंबायतेकडेच पळाले, पण तेथे त्यांना थारा मिळाला नाही. भावनगरमार्गे समुद्रातून त्यांनी सुरत गाठली. भावनगरास तर पुढे ओहोटीतही जहाजे तरती राहावीत म्हणून पाणी कोंडून धरणारे दरवाजेच बसवावे लागले.