एक जूनचे बाबा: कागदावरची चूक कशी वाचायची?

मागच्या लेखात दप्तरखान्यात पहिल्या दिवशी काय करायचं ते पाहिलं. आज दप्तरखान्यातून घरी येऊ. पीएचडीच्या चार वर्षांत मूळ साधन, नक्कल, साक्षीदार असे शब्द मी शेकडो वेळा वापरले. त्यांचा अर्थ मात्र मला नीट कळला तो बाबांचा पासपोर्ट काढताना.

झालं असं, की ताई परदेशात आहे आणि तिला बाळ होणार होतं. आई-बाबांनी सहा महिने तिकडे जावं असं ठरलं. दोघांचेही पासपोर्ट नव्हते. बाबा ३१ मे २०२५ ला निवृत्त झाले आणि जूनमध्ये आम्ही कागद गोळा करायला बसलो. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार, मतदार ओळखपत्र. सगळीकडे जन्मतारीख एकच, १ जून १९६७. नाव मात्र दाखल्यावर 'दत्तू', पॅनवर 'दत्तात्रय', आणि इंग्रजी स्पेलिंग पाहिलं तर पॅन आणि आधार यांच्यात शेवटच्या 'ए'चा फरक. खिडकीवरच्या माणसाने कागद चाळले आणि शांतपणे विचारलं, "हा दत्तू आणि हा दत्तात्रय एकच कशावरून?"

बाबा चिडले. मला मात्र तो प्रश्न ओळखीचा वाटला. एका कागदावरचा माणूस दुसऱ्या कागदावरच्या माणसाशी कसा जुळवायचा, हेच तर मी दप्तरखान्यात रोज करते.

घरी आल्यावर आजीने यात आणखी भर घातली. ती म्हणाली, "तारीख तरी कुठं खरी हाय? भूकंप झाला तवा ह्यो पोटात हुता. सातवा म्हैना."

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. तिथे 'भूकंप' म्हटलं की एकच. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. आजीला लिहिता-वाचता येत नाही, पण ती पहाट तिला मिनिटामिनिटाने आठवते. दाखला खरा मानला तर त्या पहाटे बाबा सहा महिन्यांचे असायला हवेत आणि आजीने त्यांना कडेवर घेऊन बाहेर पळायला हवं. आजी म्हणते, कडेवर थोरला होता.

आता इथे थांबा. तुम्ही संशोधक आहात. एका बाजूला चार सरकारी कागद आणि दुसऱ्या बाजूला एका म्हातारीची आठवण. कोणावर विश्वास ठेवाल?

दहा कागद, साक्षीदार एक

पहिला धडा हाच, की कागद मोजू नका, ते कुठून आले ते बघा. बाबांच्या नोकरीच्या सेवापुस्तकात तारीख आली ती दाखल्यावरून. पॅनवर आली तीही दाखल्यावरूनच, आणि आधारवर पॅनवरून. म्हणजे चार कागद एकच गोष्ट सांगतात, कारण ते एकाच कागदाची पिल्लं आहेत. जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हे नवं नाही. एका पोथीच्या दहा नकला सापडल्या आणि दहाही ठिकाणी तीच चूक असेल, तर त्या चुकीला दहा पुरावे मिळत नाहीत. दहाही नकला एकाच मूळ पोथीवरून उतरल्या, एवढंच कळतं.

मग मूळ कुठे? प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात. आम्ही गावी गेलो. गुरुजींनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं. जून १९७३ चं पान. बोटावर मोजण्याइतक्या नोंदी सोडल्या तर पानभर जन्मतारीख एकच, १ जून.

महाराष्ट्रात हे कोणाला नवं नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात एक जूनवाला एक तरी काका असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागायची आणि बहुतेक पालकांकडे जन्माचा कागद नसायचा. मग गुरुजी पोराकडे बघून अंदाज बांधत आणि सहा वर्षं बरोबर भरतील अशी तारीख टाकत. सरकारी नोकरीतला नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून आपल्याकडे ३१ मे ला कचेऱ्या-कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. गुरुजींनी पन्नास वर्षांपूर्वी घातलेल्या तारखा त्या दिवशी एकदम वठतात.

लोकसंख्याशास्त्रात या प्रकाराचा अभ्यास आहे. जनगणनेत वय विचारलं की लोक ३०, ३५, ४० असे शून्य किंवा पाचावर संपणारे आकडे सांगतात. ही गर्दी किती आहे ते मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. म्हणजे तिथे चूक पुसून टाकत नाहीत, मोजतात. तारखा नोंदवणारी यंत्रणा समाजात किती खोल पोचली होती, ते त्या मापावरून कळतं.

पण बाबांच्या नोंदीत निव्वळ अंदाज नव्हता. आजीचं ऐकलं तर जून १९७३ मध्ये ते सव्वापाच वर्षांचे होते. मग सहाचे का केले? आजीने सांगितलं. आजोबा मुंबईत गिरणीत. जून म्हणजे पेरणी, मग भातलावण. घरात पोराला बघायला कोणी नाही. थोरला शाळेत जायचाच, त्याच्याबरोबर धाकट्यालाही बसवा, अशी विनंती घेऊन चुलत आजोबा शाळेत गेले. गुरुजींनी ती मानली. चुलत आजोबांनी नाव सांगितलं ते घरात हाक मारायचे ते, 'दत्तू'.

म्हणजे ज्याला आपण चूक म्हणतो ती खरं तर एका गुरुजीने एका बाईला केलेली मदत होती. १ जून १९६७ या तारखेवरून बाबांचा जन्म कधी झाला ते कळत नाही, पण १९७३ च्या जूनमध्ये आमच्या घरात काय चाललं होतं ते कळतं. कागद ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बनला, त्याखेरीज दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर तो पुष्कळदा जास्त चांगलं देतो. हा दुसरा धडा.

नाव नसलेली नोंद

मग मी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज केला. गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी बघायच्या होत्या. कोतवाल बुक हा शब्द तुम्ही अलीकडे ऐकला असेल. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ही जुनी बाडं, त्यातली मोडी, एकदम चर्चेत आली. जन्मनोंदणीसाठी १८८६ चा कायदा होता, पण त्याखाली नोंद करणं ऐच्छिक होतं. सर्वांना सक्ती करणारा कायदा आला तो १९६९ चा. त्याआधीच्या गावनोंदींमधून सरकारला मुख्यतः आकडे हवे असत. किती जन्मले, किती मेले, कशाने मेले. कोण जन्मलं, हा मुद्दा गौण.

तीन फेऱ्यांनंतर नोंद सापडली. १७ फेब्रुवारी १९६८. बापाचं नाव आजोबांचं. अपत्य: पुरुष. बस. ना मुलाचं नाव, ना आईचं.

शिवरात्रीच्या आधी आठ-दहा दिवस, असं आजी म्हणाली होती. त्या वर्षीची शिवरात्र फेब्रुवारीच्या शेवटी येते. डिसेंबरात सातवा महिना, फेब्रुवारीत बाळंतपण. आठवण आणि नोंद एकमेकींना न विचारता जुळल्या. कागदांची उतरंड आणि स्वतंत्र साक्षीदार यांतला फरक दिसला का? आजीने ते बाड कधी पाहिलं नव्हतं आणि ते लिहिणाऱ्याने भूकंपाची गोष्ट विचारली नव्हती.

गंमत म्हणून आणखी एक हिशेब सांगते. आपला पासपोर्ट कायदाही १९६७ चाच. त्या वर्षी एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, तो कायद्याशिवाय अडवता येणार नाही. मग २४ जूनला कायदा झाला. कागदोपत्री बाबा या कायद्याहून २३ दिवसांनी मोठे. प्रत्यक्षात जवळजवळ आठ महिन्यांनी धाकटे.

खरं आणि जुळणारं

मी मोठ्या उत्साहाने नोंदीची नक्कल घेऊन घरी आले. बाबांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे मी नऊ महिने आधी घरी बसलो?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षं मोजायची तर ते फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत नोकरीत असते. नऊ महिन्यांचा पूर्ण पगार. मला शोध लागला होता, त्यांचं नुकसान झालं होतं. घरच्या कागदांवर काम करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. "आता अर्जावर एक जून लिहिलं तर ते खोटं का?"

पासपोर्टसाठी मुद्दाम खोटी माहिती देणं गुन्हा आहे, त्यामुळे आम्ही वकिलांना विचारलं. ते म्हणाले, ज्या कागदावर तुमचं नाव आहे तो तुमचा कागद. ती नोंद बिननावाची आहे. ती तुमचीच, असं सिद्ध करायचं तर प्रतिज्ञापत्रं, आदेश, मग शाळा, मग बाकी सगळे कागद बदलायचे. तोवर तुमची तारीख शाळेचीच. बाबांच्या पिढीला शाळेचा दाखलाही चालतो. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आता जन्माचा दाखलाच लागतो. एक जूनवाल्यांची परंपरा इथे संपली म्हणायची.

यातून मला जे कळलं ते असं. कचेरी सत्य शोधत नाही, जुळणी शोधते. ती चुकते आहे असं मी म्हणणार नाही. कोट्यवधी माणसांचं काम चालवायचं तर दुसरा मार्ग नाही. इतिहासकाराचं उलटं असतं. सगळे कागद फार छान जुळले की मला शंका येते. पण दप्तरखान्यातले बहुतेक कागद कचेरीसाठी बनलेले आहेत. म्हणजे जुळवून घेतलेले आहेत. ते वाचताना हे विसरलं की आपण फसतो.

आईचे कागद हे त्याचं दुसरं उदाहरण. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आमच्या जन्मदाखल्यांवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं. तिच्या कागदांत एकही चूक नाही, तरी ती कागदावर दोन बायका आहे. गोव्यातली जुनी दप्तरं बघाल तर पोर्तुगीज लिपिकाच्या कानातून उतरलेला प्रभू 'पोरोबो' होतो आणि कामत 'कामोतीं'. तिथल्या घरांतही आजोबांचं आणि नातवाचं आडनाव जुळवताना हीच दमछाक होते.

शेवटी आम्ही नावं तेवढी दुरुस्त केली. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि राजपत्रात नावबदलाची सूचना. महाराष्ट्र शासन राजपत्राचा भाग दोन कधी चाळला नसेल तर जरूर चाळा. पानंच्या पानं अशा दत्तूंनी भरलेली असतात आणि सामाजिक इतिहासासाठी ते सुंदर साधन आहे. तारखेला हात लावायचा नाही, हे बाबांनीच ठरवलं. म्हणाले, "इतकी वर्षं एक जूनला पेढे वाटले. आता फेब्रुवारीत कुठं वाटू?"

लिप्यंतर करताना

आता तुमच्या कामाचं. जुन्या नोंदी उतरवून घेताना हात शिवशिवतो. 'दत्तू' दिसलं की 'दत्तात्रय' लिहावंसं वाटतं. लिहू नका. १९६९ च्या नोंदणी कायद्याचं कलम १५ वाचा. नोंद चुकली असेल तर निबंधकाने मूळ नोंदीत फेरफार न करता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. मला तर संशोधकासाठी याहून चांगला नियम माहीत नाही. मूळ जसं आहे तसं उतरवा. तुमचं मत समासात, तुमच्या नावाने, त्या दिवसाच्या तारखेने.

प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहिलं? कोणाच्या सांगण्यावरून? आणि त्या दिवशी त्यांना यातून काय हवं होतं? बाबांच्या बाबतीत उत्तरं अशी: गुरुजींनी, चुलत आजोबांच्या सांगण्यावरून, आणि आजीला भातलावणीला जायचं होतं म्हणून.

पुढच्या लेखापर्यंत एक काम करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचे कागद आणि त्याच्या तोंडची हकिगत शेजारी-शेजारी मांडा. कुठे जुळत नाही ते लिहा, पण लगेच जुळवायला जाऊ नका.

बाबांचा पासपोर्ट आला. त्यावर ०१/०६/१९६७ आहे. नोंदीची नक्कल आजीने मागून घेतली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली. वाचता येत नाही तिला, पण "भूकंपाचा कागद हाय त्यो" म्हणाली.