मिरगाच्या आतली कामं

1970च्या आसपास राहात्यात आमचं घर धाब्याचं होतं. तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. मे महिना निम्मा सरला की आजी आधी वर बघायची. मग गावठाणातली पांढरी माती आणायची, धाब्यावर टाकून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. मृग लागतो 7 जूनला, पण वळीव त्याच्या आधीच वावटळ घेऊन येतो. कुणी चालढकल केली की आजी म्हणायची, "वळीव काय सांगून येतोय व्हय?"

गोवऱ्या अन् सरपण पडवीत यायचं. कडब्याच्या गंजीवर उसाचं पाचट पडायचं. कंदिलाची काच राखेनं पुसायची, वात कापायची आणि रेशनचं घासलेट भरून ठेवायचं, ही कामं आम्हा पोरांची. घरात विजेचा एकच दिवा होता. तो गेला तर अंधार व्हायचा, एवढंच. आडाला रहाट होता, पोहरा होता; पाणी काही विजेवर अवलंबून नव्हतं.

महाराष्ट्रात वीज मंडळ 1960 साली स्थापन झालं आणि पुढं वीज खेडोपाडी पोचत गेली. विहिरींवरच्या मोटा गेल्या, मोटारी आल्या. पेरूच्या बागांना, उसाला बटण दाबून पाणी मिळू लागलं. आम्ही धाबं उतरवून स्लॅब टाकला. आड बुजवला, बोअर घेतला. एकेक सोय वाढली, तसं आजीच्या यादीतलं एकेक काम गळालं. 2005 नंतरच्या भारनियमनात इन्व्हर्टर आणला आणि वाटलं, आता काळजी मिटली. पण भारनियमनाला वेळापत्रक असायचं. वादळाला ते नसतं.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि रात्रीपर्यंत त्याचा वारा-पाऊस आमच्याकडं पोचला. लाइट गेली. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर बसला, मोटार बंद असल्यानं टाकीही आटली. आणि मग ध्यानात आलं, तात्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे. त्यात लॉकडाऊनचे दिवस. नवीन कुठून, कसं आणायचं? माझा जीव खालीवर झाला.

आई मात्र शांत होती. तिनं माळ्यावरून जुनं मडकं काढलं, त्यात ओली वाळू भरली, इन्सुलिनची बाटली कोरड्या झाकणाच्या डबीत घालून वाळूत ठेवली आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं. वाळू भिजवायला पाणी शेजाऱ्यांच्या टाकीतलं. फोनची बॅटरी संपत आलेली, तरी डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "दोन-चार दिवस चालेल. फक्त ऊन लागू देऊ नका, बाटलीत पाणी जाऊ देऊ नका."

"आरं, मडक्यातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं वाळतं, म्हणून आत गार राहातं," आई म्हणाली. "सासूबाई लोणी असंच ठेवायच्या."

तिसऱ्या दिवशी लाइट आली. तात्यांचं सगळं नीट निभावलं.

तेव्हापासून मे महिन्यात आम्ही पुन्हा यादी करतो. पन्हाळी आता गच्चीच्या पाइपांच्या झाल्यात. बाहेरची झाडं छाटायची, दोन पिंपं पाण्यानं भरायची, बॅटऱ्या चार्ज करायच्या, औषधं महिन्याची आणायची. आणि यादीत शेवटी आई सांगते ते: मडकं धुऊन, वाळवून हाताशी ठेवायचं.