रघुनाथरावांचा खटला आणि आपली लाज

"डॉक्टर, माझ्या एका मित्राला विचारायचं होतं..." बोरीवलीच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य ऐकलं की मी ओळखतो, मित्र समोरच बसलाय! ही लाज किती जुनी आहे, हे आज सांगतो.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही ते लिहू लागले. त्या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. तरी १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं.

त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ उत्तरं देत. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक प्रश्न विचारतात, तर उत्तर देणं अश्लील कसं, असा त्यांचा मुद्दा होता. तरीही कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

तेव्हा सिफिलिसवर आर्सेनिकयुक्त औषधांची इंजेक्शनं दीर्घकाळ घ्यावी लागत आणि त्यांचे दुष्परिणामही होत. १९४३ मध्ये पेनिसिलिन या आजारावर गुणकारी ठरलं. आज सुरुवातीच्या अवस्थेत बहुतेकांना एकच इंजेक्शन पुरतं. औषध बदललं, लाज मात्र तशीच राहिली.

या लाजेची किंमत मोठी असते. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरते. रुग्णाला वाटतं, बरं झालं. पण आजार शरीरात राहतो. काही जणांत तो वर्षांनंतर मेंदू वा हृदयापर्यंत पोचतो. गरोदरपणात बाळालाही होऊ शकतो.

म्हणून जखम, स्राव, लघवीला जळजळ असेल तर केमिस्टकडून परस्पर गोळ्या घेऊ नका. तपासणी करा. जोडीदाराचीही तपासणी आणि गरजेनुसार उपचार हवेत, नाहीतर लागण पुन्हा होते. काही लक्षणं नसली, तरी असुरक्षित संबंध आला असेल तर तपासणी करून घ्या. कंडोमने धोका बराच कमी होतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते, माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे.

आणि पालकहो, मुलाने प्रश्न विचारला तर रागावू नका. उत्तर देण्याबद्दलचा दंड रघुनाथरावांनी कधीच भरलाय.